गोळीची लाज

माझा धाकटा भाऊ दारू पीत होता, तेव्हा घरात कुणालाच त्याची लाज वाटली नाही. लाज वाटली ती त्यानं गोळी सुरू केल्यावर. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ढोकीजवळच्या आमच्या गावात तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. भावजय वारली आणि त्याचं पिणं वाढलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, पोरीनं वाढलेल्या ताटाकडे बघायचा नाही. शेवटी मी त्याला धाराशिवला आणलं, माझ्या घराजवळच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी आधी दवाखान्यात ठेवून दारू उतरवली, मग एक गोळी दिली.

"ही गोळी दारू सोडवत नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या. "यांचं मन पार खचलंय, त्यासाठी आहे. मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक रसायन असतं, त्यावर ती काम करते. मन सावरलं की दारू आवरायला बळ येतं. गुण यायला काही आठवडे लागतील. आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

गुण आला. एके सकाळी भाचीचा फोन आला, रडत होती आणि हसतही होती. "आत्या, पप्पांनी आज माझ्या भाकरीला नावं ठिवली! करपली म्हणले!" घरात पुन्हा कुणीतरी जेवायला लागलं होतं.

मग भाचीला बघायला नळदुर्गकडचे पाहुणे यायचं ठरलं. बोलणी करायला अर्थातच आमचे चुलते पुढे. आदल्या दिवशी त्यांना आरशाखालच्या फळीवर गोळ्यांचं पाकीट दिसलं.

"ही येड्याची गोळी हाय," ते भावाला म्हणाले. "पाव्हण्यांना कळलं तर म्हणतील, ह्यांच्या खानदानातच येड हाय. पोरगी उजवायची का न्हाय तुला?"

आणि पाकीट न्हाणीच्या चुलीत घातलं. पोरीच्या लग्नाचा धाक घातल्यावर भाऊ काय करणार?

दुसऱ्या दिवशी बैठकीत पाहुण्यांनी विचारलं, पोरीचे वडील दारू घेतात का? चुलत्यांनी खुशाल सांगितलं, "घेतंय कधीमधी. पर मनाचं लई भलं हाय." पाहुणे हसले. "मग आपलाच माणूस की!" सोयरीक जुळली. त्याच बैठकीत चुलत्यांनी चारचौघांसमोर पाणी मागवून स्वतःची बीपीची गोळी घेतली. रक्ताची गोळी चालते, मनाची चालत नाही. कुणी ठरवलं हे?

मला हे सगळं उशिरा कळलं. गोळी एकदम तुटल्यावर भावाला चक्कर यायला लागली, झोप उडाली, जीव घाबरा व्हायला लागला. तो जीव थाऱ्यावर आणायला त्याला एकच उपाय ठाऊक होता. साखरपुड्यात व्याह्यांनीच त्याचा पेला भरला. आणि आमची भावकी काय म्हणाली? "गोळी सुटली जणू! बरं झालं, माणसात आला." माणसात आला म्हणे! माझा भाऊ मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, आणि ही माणसं त्याचं कौतुक करत होती.

दोन दिवसांनी त्याला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे न्यायला मी रिक्षा घेऊनच गावी गेले. चुलते ओट्यावर बसले होते. भाऊ खाटेवरून उठेना.

"अक्का," तो म्हणाला, "पिऊन आलो तर समदे मांडीला मांडी लावून बसतेत. गोळी खाल्ली तर लेकीचं लगीन मोडतंय. मग म्या काय करू?"

तेवढ्यात भाची आतून बाहेर आली. हातात फोन, आणि फोनवर होणारे सासरे.

"मामा, एक सांगायचं राहिलं," ती सगळ्यांच्या देखत बोलली. "माझे पप्पा मनाच्या आजाराची गोळी घेतेत. आजपासून परत घेणार हायेत. तुमाला चालत असंल तर या, न्हाय तर ऱ्हाऊ द्या."

चुलते ओरडत उठले. तिनं फोन तसाच खाटेवर टाकला. त्यातून कुणीतरी काहीतरी बोलत होतं, पण ती ऐकायला थांबली नाही. खाली बसून बापाच्या पायात चप्पल घालायला लागली.