अनवाणी ज्योत आणि माझी डावी टाच

खरं सांगतो, त्या वर्षी देवीचं आणि माझं जमत नव्हतं. घटस्थापनेला वेल्ह्याच्या देवीची ज्योत आमच्या भाटघरकडच्या गावात पळत आणायची, आणि कापूरव्होळपासून गावापर्यंतचा शेवटचा टप्पा अनवाणी पळायचा मान सतरा वर्षं माझा. माझ्या पायाखाली काच आली तर काचच बाजूला सरकते, अशी माझी ख्याती होती. पसरवली मीच होती. आणि आता सकाळी पहिलं पाऊल टेकलं की डाव्या टाचेत खिळा घुसायचा. माझ्या ओरडण्यानं धरणातले मासे तळ गाठायचे. इतकी वर्षं हिच्यासाठी पळालो, त्याचं हे फळ? दिवा लावायचो, पण तोंड फुगवून.

भोरच्या डॉक्टरांनी मला यंत्राच्या काचेवर उभं केलं. पडद्यावर माझी पावलं उमटली, टाच लालभडक. पाऊल आत झुकतं, भार टाचेच्या आतल्या बाजूला येतो आणि तळव्याची शीर तिथंच ओढली जाते, म्हणाले. आधाराचे बूट घाला, पोटऱ्या ताणा, अनवाणी पळणं बंद. मी म्हणालो, तुमच्या यंत्राला भक्ती मोजता येत नाही. बायकोनं बूट आणलेच. मी त्यांना पाय लावला नाही.

घटस्थापनेच्या सकाळी टेम्पोतून वेल्ह्याला पोचलो. आमच्या नवरात्र मंडळाचा अध्यक्ष म्हणजे माझा चुलतभाऊ. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, यंदा टेम्पोत बसा. हार घालायला बोलवू की." त्यापेक्षा टाच कापून दिली असती. ठरवलं, पाय गळून पडला तरी ज्योत माझ्याच हातानं गावात जाणार.

देवळाबाहेर नळावर पाय धुतले आणि कोरड्या फरशीवरून लंगडत निघालो. ओट्यावर शेळ्या राखणारी एक म्हातारी बसली होती. माझ्याकडं नाही, फरशीवरच्या ओल्या ठशांकडं बघत होती.

"ही पावलं तुजी व्हय? डावा पाय आत पडतोय. टाच लई दुकत आसंल. आसली शेळी आमी डोंगरावर सोडत न्हाई."

भोरचं यंत्र जे बोललं, तेच ही बाई ओल्या ठशांवरून बोलत होती. तरी मी ताठच. अनवाणी पळायचा नवस आहे, म्हणालो.

"अनवानी पळ म्हनून सांगितलं कुनी? देवीनं, का तुज्या मिशीनं?"

शेळ्यांनीसुद्धा रवंथ थांबवला. मिशीवर गेलेला हात मी खाली घेतला. तिनं जुन्या घोंगडीचा तुकडा फाडला, घडी घालून माझ्या तळव्याच्या खळग्यात धरला आणि म्हणाली, आता वर पायताण घाल. मी टेम्पोकडं गेलो. नारळांच्या पिशवीखाली बायकोनं ते बूट दडवून पाठवले होते. घोंगडीची घडी आत सारली आणि मुकाट्यानं घातले.

चुलतभाऊ पुढं गावात गेला होता; कापूरव्होळला मी टेम्पोतून उतरलो आणि ज्योत हातात घेतली. टाच कुरकुरत होती, पण खिळा बोथट झाला होता. गावाच्या वेशीवर चुलतभाऊ आडवा आला. "जोडं घालून ज्योत?"

"ज्योत इजली का? न्हाई ना? मग वाट सोड."

त्यानं सोडली. देवळाच्या पायरीशी बूट काढले, ज्योत आत नेऊन देवीपुढं ठेवली आणि तिच्याशी महिनाभरानं सरळ तोंडानं बोललो.

दसऱ्यानंतर त्या म्हातारीला लुगडं घेऊन गेलो. तिला माझा चेहरा आठवेना. पाय धुऊन फरशीवर चाललो, तेव्हा कुठं ओळख पटली. मला तिच्यापर्यंत पाठवलं कुणी, यंत्रानं, बायकोनं की देवीनं, यावर मी वाद घालत नाही. टाच अजून अधूनमधून दुखते. पोटऱ्या रोज ताणतो. बुटांमुळं देवी कोपली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं कापूरव्होळपासून माझ्याबरोबर पळून दाखवावं. देवीनं फक्त उजेड मागितला होता. टाच मीच पुढं करत होतो.