ओल्याचा घाणा

आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे ओल्या म्हणायचे. कारण काय, तर तळहाताला सतत घाम. आता घाम काय कुणी हौसेनं गाळतो? पण आमचं काम पडलं पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाच्या सोलर सेलचं. काचेवर द्रावण टाकायचं, काच गरगर फिरवायची, गरम प्लेटवर ठेवायची, की काळाभोर थर धरतो. हवा दमट असली की थराला बारीक भोकं पडतात, पुढे तो पिवळा पडतो आणि सेल कामातून जातो. म्हणून ती खोली कायम कोरडी ठणठणीत.

काच पिवळी पडली रे पडली, की आमच्या प्रमुख मॅडम ओल्याच्या नावानं खडे फोडायच्या. बिचारा दोन-दोन हातमोजे घालायचा, घाम बाहेर येणार कुठून? मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "तू सेलची वीज मोज. माझी अक्कल मोजू नकोस."

शेवटी त्यांनी त्याला बजावलं, "आणखी एक घाणा बिघडला, तर घरचा रस्ता धरायचा." घरी विधवा थोरली बहीण, आणि कमावता हा एकटाच. या शहाण्यानं काय करावं? पाणीच सोडलं. पाणी नाही तर घाम नाही! कामावरून सुटेपर्यंत घशाखाली घोट नाही. ताई ओरडायची, "अरे, मरशील!" हा नुसता हसायचा.

एका दुपारी काचा प्लेटवर असतानाच त्याला गरगरलं. कुणाला तरी हाक मारायला दार उघडलं आणि तिथंच धाडकन कोसळला. दार त्याच्या अंगाला अडून उघडंच राहिलं, बाहेरची कुंद हवा आत शिरली. मॅडम धावत आल्या, आणि त्याला ओलांडून आधी काचा बघायला गेल्या!

त्या काचा मीच मोजल्या. एवढी वीज आमच्या एकाही सेलनं कधी दिली नव्हती. बेताची ओल मिळाली तर थराचे कण चांगले मोठे होतात म्हणे. आमची खोलीच फाजील कोरडी होती. मॅडम हरखून गेल्या. मला वाटलं, आता तरी याचं भलं होईल.

चार दिवसांनी मॅडम आणि मी, आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. त्याच्या किडन्यांनी दगा दिला होता. ताईनं हात जोडले, "बाई, ह्याची नोकरी राहील ना?"

"ते बघू नंतर." मॅडम खुर्ची ओढून त्याच्यावर वाकल्या. "नीट आठव. तू पडल्यावर दार किती वेळ उघडं होतं? तसा घाणा पुन्हा जमत नाहीये."

जो तेव्हा बेशुद्ध पडला होता, त्यालाच विचारतात हे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओल्यानं कसेबसे ओठ हलवले. "चुकलं, मॅडम," म्हणाला, "घड्याळ बघायला हवं होतं मी."