गिरणीचा तांदूळ

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले. यजमान बोटीवर खलाशी, त्यामुळे घरात सासूबाई आणि मी, दोघीच. एकोणीसशे तिसाच्या पुढेमागे बोटींवरची कामं कमी झाली आणि मुंबईची मनिऑर्डर कधी यायची, कधी नाही. तरी सासूबाईंनी ताटात चांगलं तेच वाढलं. घरी कांडलेल्या लाल तांदळाचा भात, पेज, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, परसातला शेवग्याचा पाला. "आजारपण आपल्याला परवडायचं नाही गो," त्या म्हणायच्या.

कांडण मात्र माझ्याकडे. मुसळाने तळहात सोलवटायचे. शेजारणीकडे गिरणीचा पांढराशुभ्र रंगूनचा तांदूळ पाहिला आणि मी सासूबाईंच्या मागे लागले. "आई, तो स्वस्त पडतो. सध्या हात आखडता घ्यायला हवा."

स्वस्त होताच तो. पण माझ्या मनात मुसळ होतं.

"त्यात कस नाही," त्या म्हणाल्या. महिनाभर मी हेका सोडला नाही, तेव्हा कंटाळून त्यांनी होकार दिला. मग भाकरी थापायचाही मला आळस येऊ लागला. तिन्ही त्रिकाळ पांढरा भात, आणि भात वेळून निघालेली पेज मी माडाच्या मुळाशी ओतून देई.

पावसाळ्याच्या सुरुवातीला नणंद पहिल्या बाळंतपणाला आली. तिला तो भात फार आवडला. दोन महिन्यांत तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग सूज. मुंग्या माझ्याही पायांना यायच्या. मी कुणाला बोलले नाही. एके सकाळी विहिरीवर जाताना तिचे पायच लुळे पडले.

बैलगाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हलकेच ठोकून पाहिलं आणि विचारलं, "भात कसला खाता?"

"गिरणीचा."

"कोंड्याबरोबर सगळा कस जातो त्यातला, त्यानेच पाय लुळे पडले. घरचा तांदूळ का सोडलात?"

मी पदराचं टोक पिळत उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "परवडेना, म्हणून मीच बदलला."

डॉक्टर त्यांना खूप बोलले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मला तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही.

त्या दिवसापासून मी पुन्हा कांडू लागले. कोंडाही भाकरीत मळायचे, कुळीथ मोड आणून शिजवायचे, नणंदेला हाताने भरवायचे. मुलगी झाली, बारीक पण धडधाकट. नणंद दिवाळीनंतर चालू लागली. डावा पाय मात्र कायमचा ओढत राहिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्या तांदळाचा विषय कधीच काढला नाही. त्या गेल्या तेव्हाही माझं सांगायचं राहूनच गेलं.

नणंद अजून माहेरपणाला येते. परवा जेवताना माझ्या सुनेला म्हणाली, "आईने तो तांदूळ आणला नसता तर पाय धड असता माझा. वहिनीने खाऊपिऊ घालून उभं केलं मला."

सून कौतुकाने माझ्याकडे पाहत होती. मी नणंदेच्या पानात आणखी भात वाढला.