साफ केलेला डोळा

फोटोवाल्यांच्या हाताखालून गेलेला माणूस देखणा होऊनच बाहेर पडायचा. कुणाची चामखीळ जायची, कुणाची दुहेरी हनुवटी. एका वकिलाचं तर अख्खं टक्कल त्यांनी भरून दिलं. वकिलीणबाईंनी फोटो पाहून विचारलं म्हणे, हे कोण पाहुणे? सुधारलेला फोटो जपायचा आणि मूळ पुसून टाकायचा, ही त्यांची पद्धत. पुरावा कशाला मागे ठेवायचा, म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे.

नातीच्या, म्हणजे ठकीच्या, पहिल्या वाढदिवसाला त्यांनी फ्लॅश मारून तीसेक फोटो काढले. संगणकावर पाहतात तर तिच्या एका डोळ्यात नेहमीचा लाल ठिपका, दुसऱ्यात पांढरी चमक. ठिपके पुसण्यात तर यांची हयात गेलेली. त्यांनी लाल ठिपका काळा केला, मग तो चांगला डोळा उचलला, आरशातल्यासारखा उलटवून दुसऱ्यावर बसवला. पुढेही प्रत्येक फोटोत तेच. लेक एकदा म्हणाली, माझ्या मोबाइलमध्ये हिचा डोळा मांजरासारखा चमकतो. मोबाइल म्हणजे खेळणं, असं म्हणून त्यांनी तिला भिंतीवरची फ्रेम दाखवली. लेकीचा जीव भांड्यात पडला.

आठ महिन्यांनी तोच डोळा तिरळा दिसू लागला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, बाहुली पांढरी दिसली तर मोतीबिंदू असू शकतो, आतला पडदा सुटलेला असू शकतो, कधी नुसता फ्लॅशचा कोनही असतो. पण तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. इथे पडद्यावर कॅन्सरची गाठ होती, डोळाभर वाढलेली. डोळा काढला तरच पोर वाचेल. चमक कधीपासून दिसतेय, असं बाईंनी विचारलं तेव्हा लेकीनं अल्बम पुढे केला. पानापानावर ठकीचे दोन्ही डोळे टपोरे, काळेभोर.

"यात तर काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फोटोवाल्यांनी पानावरच्या एका डोळ्यावर बोट ठेवलं.

"वाढदिवसापासून होतं," ते म्हणाले. "मी साफ केलं."

लेकीनं अल्बम मिटला. तेव्हाच आणलं असतं तर, एवढंच तिनं विचारलं. कदाचित डोळा राहिला असता, असं उत्तर आलं.

ऑपरेशनच्या दिवशी फोटोवाले आवरून, ठकीची टोपी घेऊन दारात उभे राहिले. लेकीनं त्यांच्या हातून टोपी तेवढी घेतली.

"तुम्ही पाहिलं होतंत, बाबा," ती म्हणाली. "आता घरीच थांबा."

आणि पोरीला कडेवर घेऊन ती जिना उतरली.