द्वारकाबाईंचा उजेड

कॅमेरा घ्यायला गेलेल्या बाईने दुकानदाराला आधी दुकानाचं दार लावायला सांगावं, हे नागपूरच्या बर्डीवर पूर्वी कधी घडलं नसावं. दुकानदार दचकला. भर दुपारी, दोन बायका, आणि बंद दार! त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"घाबरून काहून राहिले, भाऊ?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमच्या उजेडात तं डबाही फोटो काढते. मले अंधारात पाहू द्या."

द्वारकाबाई पराते आमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत, मी मराठी. त्या विणकर कोष्ट्यांच्या घरातल्या. शिकल्या, बी.टी. झाल्या, पण वर्गातही भूमध्य समुद्राला 'समुद्राले'च म्हणत. इन्स्पेक्टरने टोकलं, तेव्हा म्हणाल्या, "समुद्राले चालते, साहेब."

शाळेने अजिंठ्याच्या सहलीसाठी कॅमेरा घ्यायचं ठरवलं होतं. हेडमास्तरांचं मन एका लखलखीत, घडीच्या कॅमेऱ्यावर बसलं होतं. सोबत ताटाएवढा फ्लॅश. द्वारकाबाईंनी त्याच्या भिंगावरचा आकडा वाचला आणि तो बाजूला सारला. "हा आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं," त्यांनी मला समजावलं. "आपल्या हेडमास्तरासारखं."

त्यांनी निवडला एक छोटा, जुना, कडा झिजलेला कॅमेरा. भिंगाचा आकडा दोन. दुकानदाराने तिकाटणंही पुढे केलं. "तीन पायाचं जनावर आगगाडीत कोण सांभाळंल?" असं म्हणून त्यांनी तेही परत केलं.

हेडमास्तर भडकले. अजिंठ्याच्या लेण्यांत काळोख असतो, फ्लॅशशिवाय काय दिसणार? द्वारकाबाई म्हणाल्या, "चित्र काढणाऱ्याले दिसलं, सर. एकही फोटो आला नाही तं मी शाळा सोडून देईन."

हे त्या गमतीत म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या पगारावर आई आणि दोन भाऊ होते. गाडीत मी त्यांना फार बोलले. त्यांनी मला संत्र्याची फोड दिली आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बोटं मात्र सारखी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

हेडमास्तरांनी हट्टाने आपल्या मेव्हण्याचा फ्लॅश बरोबर आणला होता. लेण्यातल्या पहारेकऱ्याने तो दारातच अडवला. चित्रांवर बल्ब उडवायची मनाई होती. आत खरोखरच काळोख होता. द्वारकाबाईंनी पोरींचे जेवणाचे डबे एकावर एक रचले, वर कॅमेरा ठेवला, त्यातून पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडला. भिंग कितीही मोठ्या तोंडाचं असलं, तरी इथे त्याला खायला उजेडच नव्हता.

त्या बाहेर गेल्या आणि परत आल्या त्या एक धोतर घेऊन. हेडमास्तरांनी सकाळी धुऊन, नीळ देऊन खडकावर वाळत घातलेलं. दोन पोरींनी ते दारात उन्हात ताणून धरलं, आणि धोतरावरून उडालेला मऊ उजेड हळूच आत शिरून भिंतीवर चढला. एक रंगवलेला चेहरा काळोखातून वर आला.

तेवढ्यात हेडमास्तर धोतर शोधत आले.

"सर, बरं झालं आले," द्वारकाबाई डब्यांमागून म्हणाल्या. "पोट्ट्यांचे हात दुखून राहिले. ते टोक धरा. थोडं वर. आता श्वास घेऊ नका."

का कोण जाणे, त्यांनी टोक धरलं. श्वासही घेतला नाही.

पुष्कळ फोटो हलले होते. तीन मात्र सुरेख आले. त्यातला एक हेडमास्तरांनी ऑफिसात लावला. पाहुण्यांना सांगत, "यातला उजेड माझा आहे."

पुढे एकदा द्वारकाबाई कॅमेरा घेऊन आमच्या घरी आल्या. माझी आई, आम्ही तिला अक्का म्हणत असू, तेव्हा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. फोटोसाठी तिला उचलून अंगणात आणावं, असं भावाचं म्हणणं पडलं.

"नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "माह्या बापाले असंच मागावरून उठवून उन्हात आणलं होतं. जन्मभर अंधाऱ्या खोलीत विणलं त्यानं. उन्हात डोळे मिचकावले, तोंड वाकडं झालं. तो फोटो टांगला आहे घरी. पण त्यातला माणूस आमच्या घरचा नाही."

त्या तासभर अक्काजवळ बसल्या. भिवापूरच्या मिरच्यांवर दोघी बोलल्या. मग तिथेच, आहे त्या उजेडात, पाटावर पुस्तकं रचून एकच फोटो काढला. तो पाहून अक्का म्हणाली, "म्हातारी झाली की वं मी."

"झाल्या तं," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण घरातल्या घरात झाल्या."

वर्षभरात अक्का गेली. द्वारकाबाई तोवर उमरेडच्या शाळेत बदलून गेल्या होत्या. त्या भेटायला आल्या तेव्हा बैठकीत माणसं बसली होती. भिंतीवर तोच फोटो होता, आणि तो काळा दिसतो म्हणून भावाने त्यावर मोठा बल्ब लावला होता. द्वारकाबाईंनी पाहिलं. कोणाशी न बोलता स्टूल ओढलं, वर चढल्या, हाताला पदर गुंडाळला आणि सगळ्यांदेखत बल्ब काढून घेतला.

"अहो, काय करता?" भाऊ उठला.

"अक्का पडल्या आहेत आतल्या खोलीत," त्या म्हणाल्या. "डोळ्यावर उजेड येऊन राहिला ना गा त्यांच्या."

गरम बल्ब त्यांनी भावाच्या हातात ठेवला. तो तसाच धरून उभा राहिला, आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदा रडला.