पेटी थांबल्यावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि आईला तर मुळीच नाही. आई हे न कळताच गेली, आणि खरं सांगू — मला तेव्हा जरा सुटल्यासारखंच वाटलं, की चला, आता विचारणारं कुणी उरलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर येऊन परत गेलंय.

आधी एक सांगून टाकते. मी चर्चमधली गाणी ऐकते. रोज. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढलेली, महूच्या पलटणीतल्या शिपायाची नात, घरात सकाळी बुद्धवंदना — आणि ही बाई ऐकते काय, तर कुठल्याशा परदेशी चर्चमध्ये पोरांनी गायलेली भजनं. नुसती पोरं. आठ-दहा वर्षांची, फार तर बारा. आवाज फुटला की त्या पोराला बाहेर काढतात म्हणे, मग दुसरं येतं. आता मोबाईलवर ढिगानं सापडतात ही रेकॉर्डिंगं. माझी मुलगी वैतागते, मम्मी सुबह-सुबह ये क्या लगा देती हो. मी म्हणते, तुझ्या आजोबांची देणगी आहे, गप ऐक. ते खरंच आहे. पण तिला मी अर्धंच सांगितलंय.

बाबा मिलमध्ये साचे चालवायचे. साचा म्हणजे कापड विणायचा माग. त्या खात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचायची आणि हातांनी खुणा करायची. घरी आले तरी बाबांचं तेच. आई पाठमोरी बोलली की तिचं बोलणं वाया. पंचवीस वर्षांत त्यांचे कान गेले — सगळे नाही, पण बारीक आवाज सगळे गेले. कुकरची शिट्टी, चिमण्या, माझ्या मैत्रिणींचं खिदळणं, काही नाही. ट्रकची घरघर आणि ढगांचा गडगडाट तेवढा पोचायचा. आई म्हणायची, बरंय, माझी बडबड वाचली.

मी बी.कॉम.ला होते तेव्हा मिल बंद पडली. पेपरात रोज यायचं की देश खुला होतोय. शहरात काचेची दुकानं उघडत होती, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि आमच्या मोहल्ल्यात बाप्ये दुपारी घरात दिसायला लागले होते. कुठे ठेवायचं स्वतःला हेच त्यांना कळत नव्हतं. तीनच्या पाळीचा भोंगा बंद झाला, पण तीन वाजले की बाबा उठून चप्पल शोधायचे. मग आठवायचं, आणि परत बसायचे.

त्यांच्या खात्याचे मास्टर थॉमससाहेब म्हणून होते, केरळचे. साचे थांबल्यावर एक दिवस ते त्या रिकाम्या खात्यात आपला टेपरेकॉर्डर लावून बसले होते. बाबा हिशेबाच्या कागदावर सही करायला गेलेले. त्या जागेत पंचवीस वर्षांत साच्यांशिवाय दुसरा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी टेबलावर हात टेकला आणि लाकडातून काहीतरी घुमत वर आलं. चर्चमध्ये तो मोठा बाजा असतो ना, त्याचा आवाज. बाबा त्याला कायम मोठी पेटी म्हणाले. गावाला जाताना साहेबांनी टेपरेकॉर्डर आणि ती एकुलती कॅसेट बाबांनाच दिली, आणि कमरेएवढा हात धरून दाखवलं की गाणारी सगळी एवढाली पोरं आहेत.

आईनं विचारलं, हे कुठल्या देवाचं आणलंत? बाबा म्हणाले, मला कुठं ऐकू येतंय.

पण ऐकायचं होतं त्यांना. आणि त्यासाठी मी होते. रोज तीन वाजता टेपरेकॉर्डर पाटावर ठेवायचा, एका बाजूला बाबा, समोर मी. बाबांचा तळहात डब्यावर, म्हणजे पेटी त्यांना हातातून कळायची. आणि पोरं — पोरं मी दाखवायची. कॅसेटमधली पोरं म्हणतील तसं मी बिनआवाजाचं तोंड हलवायची आणि बाबा माझे ओठ वाचायचे. भाषा मला कुठे येत होती! एक आलेलुया तेवढं कळायचं, त्याला ओठ छान गोल होतात. आता एकटाच गातोय, आता सगळे आले, आता एक जण वर वर चाललाय — हात वर नेऊन दाखवायची, आणि बाबा मान डोलवायचे. मध्येच त्या काचेच्या खिडकीत बघायचे, जिथे टेपच्या दोन चकत्या फिरतात. ही कांडी सुटतेय, ती भरतेय, म्हणायचे. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात सुताची असते ती कांडी. बघायला मजा वाटायची त्यांना, असं मी समजायचे.

सुरुवातीला मला हे सगळं फार आवडलं. का नाही आवडणार? तुला काय ऐकू येतंय, असं त्याआधी मला कोणी विचारलं होतं? विचारून माझ्या उत्तराकडे एवढं एकटक कोणी पाहिलं होतं? बाबांना सांगायचं म्हणून मी नीट ऐकायला शिकले. आज मला जे काही ऐकू येतं, ते त्या पाटासमोर बसून येतं. याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

आणि मग — हो, येतेय त्यावर. टाळत नाहीये. थोडी टाळतेय.

कॅसेटच्या अगदी शेवटी एक गाणं होतं. त्यात मध्येच पेटी थांबते. पूर्ण थांबते, आणि पोरं तशीच गात राहतात. कशाचाही आधार नाही. चारेक मिनिटं. हळूहळू एक पोरगा सगळ्यांच्या वर निघून जातो, इतका अलगद की छातीत कसंसं होतं. पण मला ते धड ऐकताच यायचं नाही. तोंड हलवायचं, हात वर न्यायचा, बाबांकडे बघत राहायचं. मला डोळे मिटायचे होते. चार मिनिटं मला कुणाचे कान व्हायचं नव्हतं. वीस वर्षांच्या मुलीला वाटू नये का असं? — नाही, हे नको. ही पळवाट झाली.

एका दुपारी पेटी थांबली. बाबांच्या तळहाताखालचं घुमणं बंद झालं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. मग नीट ओठ हलवून म्हटलं, "संपलं, बाबा."

आणि आमच्या दोघांच्या मध्ये, त्या पाटावर, पोरं गात होती.

बाबांनी क्षणभर खिडकीत पाहिलं, मान हलवली. उठले. दारात चप्पल घालताना त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं, मग ते माझ्याकडे दाखवलं आणि मिलच्या फाटकाजवळच्या टपरीवर चहाला गेले. ही खूण मला पाठ होती. चक्कर मारून येतो, घरी तू आहेस. मी डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. खोटं कशाला बोलू — इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं. हे म्हणायला माझी मलाच लाज वाटते, पण झालं होतं.

दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं. मग रोजच. मला नोकरी लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, रोज पेटी थांबली की मी संपलं म्हणायची आणि बाबा बोट फिरवून निघून जायचे. ज्या माणसाचं काम गेलं, कान गेले, भोंगासुद्धा गेला, त्याच्याकडे दिवसातून एक गोष्ट उरली होती, आणि तिचा शेवट मी काढून घेत होते. आंधळ्याच्या ताटातून उचलावं तसं. रागाच्या भरात झालं असतं तर निदान राग तरी म्हणता आलं असतं. मी तर खुशीत होते.

पुढे लग्न झालं, कॅसेट झिजली, कृष्णपुऱ्याजवळच्या एका दुकानातून मी ती दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली. बाबा थकले. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "पेटी थांबल्यावर पोरं काय करतात गं?"

सरळ विचारलं होतं. सांगायला एवढासा वेळ लागला असता. हात वर नेऊन दाखवलं असतं तरी त्यांना कळलं असतं. आणि मी म्हटलं, काही नाही बाबा, पेटीबरोबरच संपतं ते. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. चिडले नाहीत, उदास झाले नाहीत. उलट माझीच समजूत घातल्यासारखं थोपटलं. त्या आठवड्यात बाबा गेले.

जलदानविधीच्या दिवशी मिलमधली जुनी माणसं आली होती. त्यात बद्रीकाका होते, इंदूरजवळच्या बेटम्याचे. बाबांच्या शेजारचे साचे तेच चालवायचे. मिल गेल्यावर शेतीकडे परतलेले. अंगणात भट्टीवर भाताचं पातेलं चढलं होतं आणि काका त्याच्यापाशी उभे होते. त्यांना बाहेर जायचं होतं. त्यांनी लांब बसलेल्या मिलच्याच एका म्हाताऱ्याकडे पाहिलं, बोट हवेत गोल फिरवलं आणि मग ते त्याच्याकडे दाखवलं. तो म्हातारा मुकाट्यानं उठला आणि भट्टीजवळ येऊन बसला.

मला भरून आलं. मी म्हटलं, काका, बाबाही अशीच खूण करायचे. चक्कर मारून येतो म्हणून.

काका हसले. "चक्कर नी, बेटी. साँचो चालू है, तू देखजे."

साचा चालू आहे, तू बघ. साचेखात्यात चहाला किंवा बिडीला जायचं असेल तर चालता साचा बंद करत नसत. शेजाऱ्याला ही खूण करायची आणि जायचं. सगळ्या मिलमध्ये या खुणेचा दुसरा काही अर्थच नव्हता, काका म्हणाले, आणि तुझ्या बापानं तर ती मला दिवसातून दहादा केली असेल.

मी आत जाऊन कपाटाशी उभी राहिले. बायकांना वाटलं, बापाच्या आठवणीनं रडतेय. रडत होते, पण मला ती खिडकी दिसत होती. टेपच्या दोन चकत्या. ज्या माणसानं पंचवीस वर्षं कांडीत किती सूत उरलंय ते नुसत्या नजरेनं ओळखलं — त्याला चकती फिरतेय की थांबली हे कळत नव्हतं? रोज कळत होतं. मी संपलं म्हणायची तेव्हा टेप त्यांच्या डोळ्यांसमोर फिरत होती. पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं की गाणं चालू आहे आणि पोरगी खोटं बोलतेय. आणि त्यांनी काय केलं? ते उठले, चप्पल घातली, मला सांगितलं की चालू आहे, तू बघ — आणि मला एकटीला ऐकता यावं म्हणून चहाला गेले. दोन वर्षं. शेवटी उशाशीही विचारून पाहिलं, आणि मी नाही सांगितलं तर माझाच हात थोपटला.

असा बाप मला मिळाला. मी त्याच्याकडून चोरत होते असं मला वाटत होतं, आणि तो रोज आपल्या हातानं देत होता. त्यामुळे माझं खोटं खरं होत नाही, हे मला समजतं. ते होतं तिथेच आहे. पण मन भरून येतं ते आधी त्या देण्यानं.

मी अजूनही ते ऐकते, दुपारी तीनला, जमेल तेव्हा. मोबाईलमध्ये चकत्या फिरत नाहीत. पेटी थांबली की मात्र मी आता डोळे मिटत नाही. समोर बघते आणि ओठ हलवते, नीट, वाचता येतील असे.

पोरं थांबत नाहीत, बाबा. पेटी थांबते, आणि पोरं गातच राहतात. चार मिनिटं. शेवटी एक जण खूप वर जातो.