शेअर पडला की जिलबी

"उठेगा लीला, शेअर उठेगा! बघशील तू."

"उठणार असेल तर घेतलात कशाला? आमच्या सांगलीत दुकान उठलं म्हणजे कुलूप लागतं."

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात आमची आणि श्रीपादभावजींची गच्ची लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. मी पापड वाळत घालत होते, तेव्हा हे भांडण कानावर पडलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. भावजींचा जन्म इथलाच, त्यांचं उठणं हिंदीतलं, वर चढणारं. त्यांच्या बायकोचं, लीलाचं, उठणं मराठीतलं, चंबूगबाळं आवरणारं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून भांडण दिवेलागणीपर्यंत चाललं.

भावजी बिजलीच्या ऑफिसात कारकून. शेअरबाजाराच्या वाटेला कधी गेले नाहीत. पण एकुलता एक शंतनु पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, आणि त्या कंपनीनं शेअर काढले, तेव्हा थोडे घेतले. म्हणायचे, "मुलगा जेवतो त्या पंगतीत आपलाही एक पाट असावा."

तो शेअर वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. मग गेल्या दसऱ्याच्या सुमारास बातमी आली, परदेशातली कुणी मोठी कंपनी हिला विकत घेणार. झालं! शेअर रोज चढायला लागला. टीव्हीवरचे कोटवाले सांगायचे, पुढच्या वर्षी धंदा दुप्पट वाढणार, आत्ता विकू नका. फूलबागेत सकाळी फिरणारी मंडळी भावजींना घेरायची. मानसिंगराव तर लांबूनच ओरडायचे, "अहो श्रीपादराव, अब तो मिठाई बनती है!"

त्याच खुशीत त्यांनी शंतनुला फोन लावला. मी विरजण मागायला गेले होते, तिथंच उभी.

"बाबा, चढतोय खरा," फोनमधून शंतनु म्हणाला. "पण त्यांनी घेतली तर आमचा अख्खा विभाग उठणार. उनके पास अपने लोग हैं."

भावजी लीलाकडे बघत राहिले. हे उठणं तिचं, मराठीतलं.

"विकून टाका ते," मी म्हटलं.

"विकून त्याची नोकरी राहते का, वहिनी?"

त्या दिवसापासून माणूस उलटा झाला. मोबाइलवर आकडा हिरवा दिसला की घास उतरायचा नाही. लाल दिसला, म्हणजे घेणाऱ्यांचं मन फिरलं असेल, की स्वारी बाड्यावरच्या बाजारात जाऊन गरम जिलबी घेऊन यायची. मानसिंगराव कपाळाला हात लावायचे, "लोग चढने पर खाते हैं, भाई!"

"आमच्याकडे पडल्यावर खातात."

हसू येतं खरं. पण कंपनी वाढणार, वाढणार म्हणतात, तेव्हा कुणाचं तरी वाढलेलं पान उचललं जातं, हे ते कोटवाले सांगत नाहीत. मला एवढंच कळतं.

शेवटी कंपनीनंच जाहीर केलं, आम्हाला कुणी घेत नाही. शंतनु अजून तिथंच आहे. वडिलांच्या दिवसांना आला तो तिथूनच रजा घेऊन. कारण कंपनीनं जाहीर केलं त्याच रात्री भावजी झोपेत गेले.

त्या दिवशी शेअर धाडकन पडला होता. भावजी सवारीच्या टेम्पोनं बाड्यावर गेले, जिलबी आणली, आमचा वाटा माकडांच्या भीतीनं गच्चीच्या भिंतीवर ताटलीखाली झाकून ठेवला.

"आज किती पडला?" लीलानं खालून विचारलं.

"पोटभर," म्हणाले, आणि खाली जाऊन पिशवी नेहमीच्या खिळ्याला अडकवली.